नववी रात्र कॅनडामार्गे

ग्वाचेतोका गावाला सुधारणा नको होती असं कुणी म्हणू नये. गावाने ती मागितली नव्हती, एवढंच. पाद्रे लिसान्द्रो बोगोताहून बदलून आले तेव्हा गिटारीबरोबर तीही घेऊन आले. आधीचे पाद्रे चर्चच्या दाराशी फळीवर टाचणीने कागद लावत. अमक्यासाठी मिस्सेची प्रार्थना, तमक्याचं लग्न, कुणाची तरी हरवलेली गाय. कागद एकदा लागला की लागला, पावसाने शाई ओघळली तरी त्याला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पाद्रे लिसान्द्रोंना हे फार मागासलेलं वाटलं. त्यांनी फळी काढली, मनोऱ्यावरच्या भोंग्याला संगणक जोडला आणि गावाच्या सगळ्या सूचना एका फाइलमध्ये घातल्या. रोज सकाळी सहाची घंटा झाली की फाइलमध्ये जे असेल ते संगणकातली बाई खणखणीत वाचून दाखवी. बाईचे उच्चार थेट माद्रिदचे. हरवलेल्या गायीचं वर्णनसुद्धा ती अशा थाटात करी की गायीच्या मालकाला उगाच आपण खानदानी असल्यासारखं वाटे.

फाइल मात्र चर्चमध्ये नव्हती. ती सर्व्हरवर होती आणि सर्व्हर कॅनडात होता. कॅनडातच का, हे पाद्र्यांनाही ठाऊक नव्हतं. "विल्मारला विचारा," म्हणत. विल्मार हा त्यांचा आतेभाऊ. बसथांब्याजवळ मोबाइलच्या फुटक्या काचा बदलून द्यायचा, म्हणून गाव त्याला इंजिनियर म्हणे. ग्वाचेतोकात टाय लावतो तो डॉक्टर आणि स्क्रूड्रायव्हर बाळगतो तो इंजिनियर. खऱ्या डॉक्टर-इंजिनियरांचा यात अपमान होत नाही, कारण ते केव्हाच गाव सोडून गेलेत.

फाइल सांभाळायचं काम एदुविना पाचोनकडे आलं. शाळेतून निवृत्त झालेली बाई, गाव मानाने दोन्या म्हणे, आवाज मऊ, अक्षर मोत्यासारखं. संगणकावर अक्षराचा काय उपयोग ते विचारू नका, पाद्र्यांनी कारण तेच दिलं. रोजची रोझरी, शुक्रवारचा उपास, महिन्याच्या पहिल्या शनिवारचा नेम, सगळं ती बिनबोभाट करी. बिनबोभाट म्हणजे गावात सगळ्यांना माहीत होतं. विल्मारने तिच्या घरच्या संगणकावर एक पिवळं फोल्डर आणून ठेवलं.

"हे बघा, दोन्या एदुविना. फोल्डर दिसतंय तुमच्याकडे, पण आहे कॅनडात. इथे अक्षर बदललंत की तिथे बदललं. सेव्ह करायचं, झालं. थंडीवाऱ्यात चर्चपर्यंत पाय तोडत जायला नको."

"म्हणजे इथेही आहे आणि तिथेही आहे?"

"हो. म्हणजे तसं नाही. आहे तिथेच, पण इथून..." विल्मार डोकं खाजवायला लागला.

"राहू दे रे बाळा. समजलं."

आणि तिला खरंच समजलं. जी बाई रोज सकाळी मिस्सेत ओस्तीच्या, म्हणजे प्रसादाच्या, पातळ चकतीत सबंध प्रभू बघते, तिला एवढ्याशा फोल्डरात कॅनडा बघायला काय कष्ट?

पासवर्ड अवघड ठेवा असं विल्मारने पाद्र्यांना बजावलं होतं. पाद्र्यांनी आपल्या जन्मतारखेला ज्याचा दिवस येतो त्या कुठल्याशा विस्मरणात गेलेल्या संताचं नाव घातलं. राजधानीत ही युक्ती चालून गेली असती. ग्वाचेतोकात बारा महिन्यांचे संत बायकांना तोंडपाठ. पाद्र्यांच्या वाढदिवसाचा केक याच बायकांनी भाजलेला. पुढचं काम एका रविवारी, मिस्सा सुटल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर गप्पा मारता मारता झालं.

आता नवसाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यानेच घडवलं.

मार्चमध्ये एदुविनाचा नवरा अन्सेल्मो उल्पियानोच्या तेखोच्या मैदानावर पोट धरून कोसळला. तेखो म्हणजे लांबून लोखंडी चकती फेकून ओल्या मातीत पुरलेल्या बारुदाच्या पुड्या फोडायच्या आणि पुडी फुटली की बिअर प्यायची. फुटली नाही तर दुःखाने प्यायची. अन्सेल्मो ट्रकवरून निवृत्त झाल्यापासून याच उद्योगाला लागला होता. तो पडला तेव्हा मित्रांना वाटलं, नेम चुकल्याचं दुःख झालं असेल. पण पित्ताशय फुटायच्या बेतात होतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात त्याला आत नेलं, आणि एदुविनाने बाहेरच्या फरशीवर गुडघे टेकले. "बाळयेशू, याला माघारी दे. नाताळच्या नवव्या रात्री तुला माझ्या घरी नेईन."

अन्सेल्मो माघारी आला. पित्ताशय गेलं, बाकी सगळा होता तसाच, तेखोसकट. नवसाचं एदुविनाने कुणाला सांगितलं नाही, त्यालाही नाही. फिटण्याआधी नवस ओठांबाहेर काढला तर दुधासारखा नासतो, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं.

नाताळच्या आधीच्या नऊ संध्याकाळी ग्वाचेतोकात बाळयेशूची मूर्ती रोज एका घरी जाते. प्रार्थना होते, मुलं खुळखुळे वाजवत गाणी म्हणतात, दुधाची गोड नातिया आणि चीजचे गरम तळलेले बुन्युएलो वाटतात. पहिल्या आठ रात्री कुणालाही मिळतात. नववी रात्र मोठी. सबंध गाव येतं, आणि ज्याचं घर त्याची वर्षभर मान वर. ही रात्र औषधांच्या दुकानाच्या मालकीण दोन्या लिओविखिल्दा क्वेर्वो यांच्या घरी असे. ती त्यांना कुणी दिली नव्हती. चर्चला पायरी कुणी दिली असं कुणी विचारतं का?

यंदा मात्र पाद्रे लिसान्द्रो प्रवचनात म्हणाले की आता सगळं खुलं झालं पाहिजे. ज्याला रात्र हवी त्याने दोन्या एदुविनाला सांगावं, ती फाइलमध्ये घालेल. एदुविनाला नववी हवी होती. तिने तसं दोन्या एदुविनाला सांगितलं. दोन्या एदुविनाने थोडा विचार केला आणि हरकत घेतली नाही.

सकाळी माद्रिदची बाई गावावर गरजली: "नववी रात्र, पाचोन कुटुंबाचं घर."

अन्सेल्मो पांघरुणातून म्हणाला, "आपलं घर म्हणाली का ती? चुकली वाटतं."

"नाही चुकली."

"मग दोन्या लिओ तुला कच्ची खाईल." आणि त्याने कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी त्याच बाईने, त्याच थाटात, जणू काल काही बोललीच नव्हती: "नववी रात्र, दोन्या लिओविखिल्दा क्वेर्वो यांचं घर."

एदुविनाने संगणक लावला. फोल्डर उघडलं. तिचं नाव गेलं होतं, दुसरं आलं होतं, आणि तेही एका टिंबाचीही चूक न करता. तिने छातीवर क्रुसाची खूण केली, नाव बदललं, सेव्ह केलं आणि अन्सेल्मोच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला चौक ओलांडून गेली.

लिओविखिल्दाने एदुविनाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर धरलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. हे नातं रक्ताच्या नात्याहून वर मानतात. रक्ताच्या बहिणीशी भांडण झालं तर ओरडता तरी येतं, कोमाद्रेशी गोडच बोलावं लागतं.

"या, कोमाद्रे. गुडघे काय म्हणतात?"

"प्रभूची कृपा. तुमचा खोकला?"

"आहे आपला. तुमच्या हाताला मलम देऊ का? फार टाइप करावं लागत असेल हल्ली."

"नाही हो. एखादा शब्द इकडचा तिकडे करायचा असतो. तेवढं जमतं."

"जपा मात्र. या यंत्रांचं काही खरं नसतं. रात्रीतून आपोआप बदलतात म्हणे."

"आपोआप नाही हो बदलत. कुणी तरी उठून बदलावं लागतं."

"मग तो बिचारा फारच लवकर उठत असेल," लिओविखिल्दाने गोळ्यांची पुडी बांधत म्हटलं. "पुण्यवान माणूस दिसतो."

मागे रांगेत उभ्या असलेल्या बायका खोकल्याचं औषध घ्यायला आल्या होत्या, पण कुणी खोकत नव्हतं.

तिथून पुढे रोजची मजा सुरू झाली. बदल जितका आधी तितका तो पुसायला दुसरीला वेळ, हे दोघींनाही लवकरच कळलं. म्हणून बदल पुढे पुढे सरकत सहाच्या घंटेला जाऊन चिकटला. एदुविनाचा पहाटेचा रोझरीचा नेम कधी चुकला नव्हता. आताही चुकला नाही, पण ती आता संगणकासमोर बसून म्हणायला लागली, एका हातात मणी आणि एका हातात माउस. "पवित्र मरिये, देवाच्या माते," म्हणताना डोळे मिटलेले असत, पण एकच. एखाद्या दिवशी मणी पुढे सरकायचा राही आणि माउस पुढे जाई, मग ती मागचे मणी पुन्हा घेई. मरिया समजून घेईल अशी तिला खात्री होती. मरियेलाही एक लेकरूच कुठे तरी ठेवायला जागा शोधावी लागली होती.

एकदा दोघींनी एकाच क्षणी सेव्ह केलं आणि भोंगा म्हणाला, "नववी रात्र, दोन्या पाचोन क्वेर्वो यांचं घर." अशी बाई गावात नव्हती, पण लोकांनी तिला लगेच आपलीशी केली. उल्पियानोच्या मैदानावर तिच्या नावाने ग्लास उंचावले गेले.

अन्सेल्मो गुळाच्या गरम पाण्यात चीजचा तुकडा बुडवत म्हणाला, "तिचं घर इथून दिसतं. इथून टोपी फेकली तर तिच्या काउंटरवर पडेल. आणि तुम्ही दोघी भांडायला कॅनडाला जाता?"

"आम्ही भांडत नाही."

"बरं. मग कॅनडात भेटता."

"तुम्हाला नाही कळायचं ते."

"मला नाही कळत, हे सगळ्या गावाला कळतं," अन्सेल्मो म्हणाला. "पण तुला ती रात्र एवढी कशाला हवी, ते तरी सांग. तू कधी कसला मान मागितला नाहीस. बरं वाटतं का तुला?"

एदुविना उठून चुलीशी गेली आणि दूध उतू जातंय का ते बघायला लागली. चुलीवर दूध नव्हतं.

गावाला संत पाठ होते, त्यामुळे पासवर्डही पाठ होता, आणि दोघी कुलीन बायका तो वापरतात म्हटल्यावर इतरांना तरी कसली लाज? खाटकाने नवव्या रात्रीखाली डुकराच्या मांसाचे गुण लिहिले. शाळेच्या मुलांनी मास्तरांची गाय हरवल्याचं जाहीर केलं. मास्तरांकडे गाय नव्हती, तरी संध्याकाळपर्यंत दोघेजण गाय घेऊन आले. माद्रिदची बाई सगळं सारख्याच गांभीर्याने वाचत होती. पाद्रे लिसान्द्रो म्हणाले, हा सहभाग आहे. आता गाव बोलायला लागलं आहे. त्यांना राजधानीत असंच शिकवलं होतं.

एदुविनाला मात्र काळजी लागली. नऊ रात्री सुरू होऊन निम्म्या संपल्या होत्या आणि नवस होता तिथेच होता. एके सकाळी ती कंटाळून म्हणाली, हे एकेक नाव बदलण्यापेक्षा सगळंच नीट जागेवर ठेवू. पूर्वी केव्हा तरी तिने पिवळ्या फोल्डरची एक प्रत आपल्या संगणकावर काढून ठेवली होती, नेटकी, खाटकाची आणि गायीची भानगड नसलेली. तिने प्रतीत आपलं नाव घातलं, प्रत उचलली आणि आहे तशी कॅनडाच्या फोल्डरवर टाकली. संगणकाने विचारलं, जुन्यावर नवं घालू का? तिने मनात म्हटलं, घाल बाबा, तुझं भलं होवो.

ही प्रत गेल्या वर्षीची होती.

सहा वाजता माद्रिदची बाई म्हणाली, "सेन्योर कुस्तोदियो रिंकोन यांना लवकर बरं वाटावं म्हणून आज मिस्सा. सगळ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी." सेन्योर कुस्तोदियोंना बरं वाटायची वेळ केव्हाच टळून गेली होती. गावाने त्यांना पुरूनही दहा महिने झाले होते, आणि त्यांची विधवा नोएमी जानेवारीत चीजवाल्याशी लग्न करणार होती. भोंगा ऐकून चीजवाला तिच्या दारात गेला आणि म्हणाला, "नोएमी, जे काय असेल ते मला आत्ताच सांग." नोएमी पायातल्या सपाता न बदलता पाद्र्यांकडे धावली. भोळ्याभाबड्या तीन म्हाताऱ्या मिस्सेलाही आल्या. देवाला काय अशक्य आहे, असं त्यांचं म्हणणं.

एदुविनाचं नाव त्या दिवशी भोंग्यावर आलं होतं की नाही ते कुणाच्याही लक्षात राहिलं नाही.

तेव्हा पाद्रे लिसान्द्रोंचा सहभाग संपला. त्यांनी एदुविनाला फोन केला. आवाज नरम, पाद्र्यांचा राग कानाला असाच लागतो. "दोन्या एदुविना, विल्मार उद्या दुपारी बाराला फाइल बंद करणार आहे. नवा पासवर्ड, फक्त त्याच्याकडे. त्याआधी जे योग्य असेल ते तुम्ही घाला."

"योग्य म्हणजे कुणाचं नाव, पाद्रे?"

"ते तुमच्या सदसद्विवेकावर सोडतो," पाद्रे म्हणाले आणि फोन ठेवला. लिओविखिल्दा चर्चच्या छपराच्या कामाला पत्रे देणार होती. ज्यांच्यावर असलं ओझं असतं त्यांना इतरांचा सदसद्विवेक फार उपयोगी पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी एदुविना एकटीच होती, आणि फोल्डर उघडं होतं. लिओविखिल्दाच्या दुकानात सणामुळे गर्दी, ती बारापर्यंत काउंटर सोडू शकत नव्हती. आपलं नाव लिहायचं, सेव्ह करायचं आणि बारा वाजू द्यायचे. इतकं सोपं होतं की एदुविनाला भीती वाटली. तिला नोएमीच्या सपाता आठवल्या. मग त्या तीन म्हाताऱ्या आठवल्या. मेलेल्या माणसाला गावासमोर आजारी पाडून बाळयेशूला घरी आणायचं, आणि म्हणायचं, बघ, नवस फेडला. तो लहान असला तरी एवढा लहान नाही.

तिने नववी रात्र या शब्दांपुढचं सगळं पुसून टाकलं. जागा मोकळी ठेवली आणि तशीच सेव्ह केली. मग डोक्यावर शाल घेऊन पापनिवेदनाला चर्चमध्ये गेली. परत येऊन जे योग्य असेल ते लिहीन, असं तिने ठरवलं. बाराला वेळ होता.

चर्चमध्ये सणाची रांग होती. नाताळच्या तोंडावर सगळ्या गावाला वर्षभराची पापं एकदम आठवतात, आणि एदुविनाच्या पुढे खाटीक होता. तो बराच वेळ आत राहिला.

ती घरी आली तेव्हा बारा वाजून गेले होते. फाइल उघडेना. संगणक म्हणे, आपल्याला परवानगी नाही. विल्मारचा फोन बंद. त्याने फाइलला कुलूप घातलं आणि पुढच्याच बसने समुद्रावर, सान्ता मार्ताला गेला. सुट्टीवर असताना फोन घ्यायचा नाही हे तो राजधानीतल्या खऱ्या इंजिनियरांकडून शिकला होता. इतके दिवस खोटंनाटं लिहायला यंत्राने नेटकी साथ दिली, आणि एक दिवस पश्चात्ताप करावा म्हटलं तर दार लावून घेतलं.

"मोकळीच राहिली असेल," ती स्वतःशी म्हणाली.

मोकळी राहिली नव्हती. चोवीसच्या सकाळी माद्रिदची बाई म्हणाली, "नववी रात्र, सेन्योर उल्पियानो गिल यांचं तेखोचं मैदान. सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण."

गावभर खिडक्या उघडल्या.

"आग्रहाचं मी घातलं," अन्सेल्मो पांघरुणातून म्हणाला. "नुसतं बरं दिसत नव्हतं."

एदुविना पलंगाच्या कडेवर बसली. "तुम्ही?"

"काल तू चर्चमध्ये होतीस. संगणक उघडा, नाव लिहायची जागा रिकामी. म्हटलं, तुझं लिहिलं तर लिओ रुसेल, तिचं लिहिलं तर तू जेवणार नाहीस. उल्पियानोवर कोण रुसणार? बायको गेल्यापासून तो चर्चमध्ये आलेला नाही, बाळयेशूला तरी त्याच्याकडे जाऊ दे." तो उठून बसला. "चांगलं नाही का झालं? रडतेस कशाला?"

त्याला सांगितलं असतं तर तो बिचारा अनवाणी सान्ता मार्तापर्यंत गेला असता. पण रात्र अजून व्हायची होती. नवस अजून नासला नव्हता, आणि एदुविनाने ओठ मिटून घेतले. "कांदा लागला डोळ्यांना," ती म्हणाली. सकाळचे सव्वासहा झाले होते.

पाद्र्यांच्या दारात तिला लिओविखिल्दा भेटली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींना पटलं की हे दुसरीचंच काम.

"पाद्रे, हे तोंडाने बदला," लिओविखिल्दा म्हणाली. "मी चाळीस शेर चीज मळून बसलेय."

"सर्व्हरवर आहे, दोन्या लिओ. मी काय करू?"

"तुमचं तोंडही सर्व्हरवर आहे का?"

पाद्रे उत्तर देणार तोच उल्पियानो आला. दाढी केलेली, पांढरा सदरा, टोपी हातात. असा त्याला गावाने त्याच्या बायकोच्या दफनानंतर पाहिला नव्हता. "पाद्रे," तो म्हणाला, "मी डुक्कर कापलंय. बाकड्यांवर चादरी घालू की नको, तेवढं सांगा. आमच्यात सांगायला कुणी नाही."

पाद्रे लिसान्द्रोंनी त्याच्याकडे बघितलं आणि लगेच ओळखलं की हे सगळं आपल्याच मनात आधीपासून होतं. चर्चने वंचितांकडे गेलं पाहिजे, असं ते दोघींना समजावू लागले. दोघी ऐकून घेत होत्या. लिओविखिल्दाने तेवढं सांगितलं, "चादरी घाल. पांढऱ्या असतील तर. आणि बारुदाचं पोतं आतल्या खोलीत ठेव, मेणबत्त्या येणार आहेत."

संध्याकाळी सगळं गाव मैदानावर लोटलं. जे चर्चला कधी येत नव्हते ते आधीच तिथे होते, त्यांना यावंही लागलं नाही. बिअरच्या खोक्यांवर उल्पियानोने चादर टाकून वेदी केली होती. एदुविना नातियाचं पातेलं घेऊन मागे उभी राहिली. दारातून मूर्ती आत आणताना घरच्या बाईने पांढऱ्या कापडावर तिला झेलायचं असतं. पाद्रे उंबऱ्याशी आले, मूर्ती हातांत, आणि थांबले. उल्पियानोच्या घरात बाई नव्हती.

सवयीने सगळ्यांच्या माना लिओविखिल्दाकडे वळल्या. तीही सवयीने पुढे झाली. खळ घातलेलं कापड तिच्याजवळ होतंच. उलथापालथ झाली तर असावं म्हणून.

"कोमाद्रे," एदुविना म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण मैदान गप्प होतं म्हणून शेवटच्या बाकापर्यंत गेला. "बाळ मला घेऊ द्या."

"का बरं?"

एदुविनाने पातेलं खाली ठेवलं. आई, क्षमा कर, असं ती मनात म्हणाली. "माझा नवस आहे."

"कसला?"

"अन्सेल्मोच्या पित्ताशयाचा."

कुणी तरी हसलं आणि कुणी तरी त्याला कोपर मारलं. अन्सेल्मोने डोक्यावरची टोपी काढली. "माझ्या?" तो म्हणाला.

"मार्चपासून?" लिओविखिल्दा एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "मार्चपासून तुम्ही त्याच्या गोळ्या माझ्याकडून नेताय. माझ्या काउंटरला टेकून उभ्या राहताय. आणि ही गोष्ट मला सांगायच्या ऐवजी कॅनडाला सांगितलीत?"

"नवस सांगायचा नसतो."

"आता सांगितलात."

"आता सांगितला. फिटायचाही राहिला. बाळयेशू, तुला माझ्या घरी नेईन, असं बोलले होते मी." तिने मैदानाकडे बघितलं. मातीच्या फळ्या, लोखंडी चकत्या, भिंतीवर ओळीने टांगलेल्या, थंडीत अंगावर घ्यायच्या लोकरी रुआना. त्यातली तपकिरी, कोपऱ्यावर ठिगळ असलेली, तिने स्वतः अन्सेल्मोसाठी विणलेली होती. "हे काही माझं घर नाही."

लिओविखिल्दाने तिच्या नजरेमागे नजर नेली. रुआना बघितली. खालच्या बाकावर अन्सेल्मोच्या बसण्याने पडलेला खळगा बघितला. मग अन्सेल्मोला नखशिखांत बघितलं.

"घर नाही?" ती म्हणाली. "कोमाद्रे, माझ्या दुकानाच्या दारातून सगळं दिसतं. हा मनुष्य तुमच्याकडे आंघोळीला आणि आजारी पडायला येतो. संसार त्याचा इथे आहे. बाळयेशूला पाचोनांच्या घरीच आणलंय, तुम्हीच कधी आत आला नव्हता."

मैदान हसलं. उल्पियानोही हसला, तोंडावर टोपी धरून. एदुविना हसली नाही. तिने हे बोलणं नीट, अर्थ लावून, मनात एकदा पुन्हा म्हटलं. त्यात खोटं काही सापडेना.

"पाद्रे," तिने विचारलं, "चालेल?"

पाद्रे लिसान्द्रोंना गावात येऊन वर्ष उलटून गेलं होतं, आणि विल्मारला विचारा असं म्हणता येणार नाही असा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. त्यांनी हातांतल्या मूर्तीकडे बघितलं, अन्सेल्मोकडे बघितलं.

"चालेल," ते म्हणाले.

लिओविखिल्दाने आपलं खळीचं कापड एदुविनाच्या हातांवर पसरलं आणि चुण्या सारख्या केल्या. "पुढच्या वर्षी माझ्याकडे," ती हळूच म्हणाली. "आत्ताच बोलून ठेवते."

मूर्ती एदुविनाच्या हातांवर आली. अन्सेल्मो शेजारी येऊन उभा राहिला होता, टोपी चुरगाळत, कुठे बघावं ते न कळून.

"मी काय करायचं?" त्याने विचारलं.

"काही नाही. गुडघे टेका."

"इथे? इथे सगळा चिखल आहे."

"टेका," एदुविना म्हणाली.

अन्सेल्मोने खाली बघितलं, विजारीच्या इस्त्रीकडे बघितलं, आणि टेकले.